एका मैत्रिणीच्या मुलाचं डोकं

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज तन्मयच्या अमेरिकन फुटबॉल टीमची छाटणी. दुपारी चारच्या आत ज्याचा फोन वाजेल त्याने बॅग भरायची. तन्मयने कालच बजावलं होतं, "आई, उद्या मला कॉल करू नकोस. प्लीज. फोन वाजला की संपलं असं वाटतं." तरी साडेअकराला बोट त्याच्या नावावर गेलंच, जेवलास का विचारायला. श्रीने, त्याच्या बाबाने, माझा फोन उचलून कपाटात ठेवला आणि स्वतः बाहेर गवत कापत बसला. कालच कापलेलं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी मेसेज. नुसता अंगठा.

राहिला! दोन वर्षं सरावापुरता होता, आता खऱ्या संघात. रडले थोडी. मग कुकर लावला, दुसरं काही सुचेना.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पहिली मॅच पुढच्या रविवारी, म्हणून पोरांना तीन दिवस सुटी. तन्मय दुपारी आला. एवढा मोठा देह आमच्या छोट्या गणपतीपुढे वाकला तेव्हा आरतीच्या ताटातली ज्योत हलली. नाव ठेवताना बारा पौंडसुद्धा नव्हता.

समोरची सुलभा मोदक घेऊन आली. पंचवीस वर्षांची शेजारीण, पण तिचा प्रश्न दर वर्षी तोच. "तन्मय, तू नक्की काय करतोस रे टीममध्ये?"

"मावशी, मी लाँग स्नॅपर. वाकून पायांमधून बॉल मागे फेकतो."

"आणि मग?"

"मग समोरचे लोक माझ्यावर पडतात."

"बाई गं. एवढ्यासाठी कॉलेज केलंस?"

खूप हसलो. तो हसताना जरा थांबला, डोळे मिटून. नंतर जेवणाच्या टेबलावरचा दिवा बंद करायला सांगितला. प्रवासाचा शीण असेल.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

शीण नव्हे.

सकाळी गॅरेजमध्ये सराव. शाळेत होता तेव्हा त्याचा चेंडू मीच झेलायची, बागकामाचे हातमोजे घालून. माझी करंगळी मोडली तेव्हापासून भिंतीला जुनी गादी टांगलेली आहे, तिच्यावर खडूचा चौकोन. मी खुर्चीत बसून सांगायचं: वर, खाली, बरोबर. बऱ्याचदा नुसतं बरोबर, बरोबर, बरोबर. कॉफी गार होते.

आज पाचवा चेंडू डावीकडे. सातवा डावीकडे. नववा गादीच्या बाहेर, श्रीच्या रंगाच्या डब्यावर. आकाश ढगाळ, आणि हा गॅरेजमध्ये काळा चष्मा लावून. बाबा जेवायला येणार का, असं दोनदा विचारलं. दहा मिनिटांच्या अंतराने, अगदी त्याच शब्दांत.

दुपारी डोक्याला तेल लावते म्हटलं. नाही म्हणत नाही कधी. खाली बसला, डोकं माझ्या गुडघ्याला टेकवून, लहानपणीसारखा. मानेपाशी बोटं गेली तसं अंग चोरलं. तेल जिरवत राहिले. मग आपणच बोलला. सरावाच्या शेवटच्या मॅचमध्ये कुणाचं तरी हेल्मेट लागलं. एक-दोन सेकंद काही दिसलं नाही. उठला, पुढचा चेंडू बरोबर टाकला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

"डॉक्टरला सांगितलंस?"

"आई, सांगितलं तर आय ॲम आउट. माझी जागा घ्यायला दोन जण घरी बॅग भरून बसलेत. इट्स जस्ट अ हेडेक. जातंय ते."

मग माझा हात धरून माझ्याच गळ्याशी नेला. चिमटीत कातडी धरून गळ्याशपथ, पाचवीत घ्यायचा तशी. कुणाला सांगायचं नाही. बाबांनासुद्धा नाही.

घेतली. नाही म्हणवेना.

३० ऑगस्ट, शनिवार

मंडळाचा गणपती, नेहमीच्या शाळेच्या हॉलमध्ये. तन्मय आला नाही, झोपतो म्हणाला. सगळे विचारत होते. आपला मुलगा, आपला मुलगा. ज्यांनी तो कॉलेजात असताना इंजिनिअरिंग का सोडलं म्हणून मला ऐकवलं होतं, तेसुद्धा.

जेवताना फडकेकाका दिसले. मेंदूचे डॉक्टर, आता निवृत्त. त्यांच्याशेजारची खुर्ची रिकामी होती. बसले. म्हटलं, "काका, एका मैत्रिणीच्या मुलाला खेळताना डोक्याला लागलंय. आठवडा झाला. उजेड सहन होत नाही, एकच प्रश्न दोनदा विचारतो."

त्यांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. "मैत्रिणीला सांग, एकदा लागलेलं बहुधा भरून येतं. ते भरायच्या आत दुसरा मार बसला, तर पुढचं मी बोलत नाही. त्याला थांबव."

पलीकडच्या खुर्चीत सुलभा होती. मठ्ठा पीत होती.

३१ ऑगस्ट, रविवार

तन्मयला विमानतळावर सोडलं. गाडीत दोनदा म्हटलं, स्वतःहून सांग. "नेक्स्ट वीक, आई. फर्स्ट गेम होऊ दे." उतरताना वाकून नमस्कार करायला गेला आणि गाडीचं दार धरलं. तोल.

शाळेत सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, दिलेला शब्द मोडणं हे पाप आणि बोलायचं तिथे गप्प राहणं हेही पाप. दोन्ही एकदम समोर आली तर काय, ते कुणी विचारलं नव्हतं. आम्ही तेरा वर्षांच्या होतो, दोन वेण्या घालून.

१ सप्टेंबर, सोमवार

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुलभाचा मेसेज, तिने सकाळी सातला टाकलेला. मी साडेनऊला पाहिला.

"आपल्या तन्मयच्या डोक्याला मार लागला आहे. सर्वांनी आज अकरा वाजता आपापल्या घरून अथर्वशीर्षाचं आवर्तन करावं. झूमची लिंक खाली."

त्याखाली जोडलेले हात, हात, हात. पार तिकडे क्युपर्टिनोहून माझ्या नणंदेचेसुद्धा. मी सुलभाला फोन केला, तर तिने आवर्तनाची तयारी करायला फोन बंद ठेवलेला. अकरा वाजता मी स्वयंपाकघरात उभी होते आणि माझ्या मुलाचं गुपित साठ घरांत म्हटलं जात होतं.

कुणाच्या तरी मुलीने तेच इंग्रजीत करून नेटवर सगळ्यांना दिसेल असं टाकलं. टीमच्या नावासकट. गेट वेल सून, टॅन. प्रेमानेच.

२ सप्टेंबर, मंगळवार

एका बातमीदाराने कोचला विचारलं. तन्मयला सरावातून बाहेर बोलावलं. बाहेरचे डॉक्टर आले, चाचण्या झाल्या. पास नाही.

त्याचा फोन. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई, यू प्रॉमिस्ड."

मी मैत्रिणीचा मुलगा वगैरे सांगू लागले. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, "तुझी कोणती मैत्रीण आहे जिचा मुलगा फुटबॉल खेळतो?" आणि ठेवला.

३ सप्टेंबर, बुधवार

त्याच्या जागी दुसरा स्नॅपर आणला. टेक्ससचा मुलगा, कालपर्यंत घरी बॅग भरून बसलेला.

श्री माझ्यावर चिडलाय. सांगितलं म्हणून नाही, त्याला सांगितलं नाही म्हणून. बरोबर आहे त्याचं.

संध्याकाळी सुलभा बेसनाचे लाडू घेऊन आली, डोळे सुजलेले. "मला वाटलं, जितके जास्त लोक म्हणतील तितकं चांगलं. तू एकदा म्हणायचं होतंस, कुणाला सांगू नको."

"सुलभा, मी तुला सांगितलंच नव्हतं गं."

मग मीच चहा टाकला.

७ सप्टेंबर, रविवार

मॅच लावली. टेक्ससच्या मुलाचा प्रत्येक चेंडू बरोबर. एकदा मनात आलं, याचा एक तरी झेलणाऱ्याच्या डोक्यावरून जाऊ दे. लगेच लाज वाटली. त्याचीही आई कुठे तरी टीव्हीपुढे बसली असेल.

तन्मय दोन सेकंद दिसला. टीमचा जाड शर्ट, टोपी, काळा चष्मा, हात खिशात. श्रीने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा. तिसऱ्यांदा मी नको म्हटलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

इथे तरी खरं लिहावं.

फडकेकाकांचा नंबर माझ्याकडे आहे. बारा वर्षं आहे. घरून, दार लावून फोन करता आला असता. मी भरल्या हॉलमध्ये विचारलं. सुलभाच्या बाजूला बसून. तिच्या कानावर पडलेलं कुठवर जातं, हे आमच्या या वेस्ट विंडसर गावात माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

निसटलं, की निसटू दिलं?

श्रीला विचारलं. म्हणाला, मला नको विचारू.

१३ सप्टेंबर, शनिवार

अकरा दिवसांनी तन्मयचा फोन. आवाज बरा वाटला. उजेडाचा त्रास गेलाय. सोमवारी शेवटची चाचणी. पास झाला तरी ते टेक्ससच्या मुलालाच ठेवतील का, माहीत नाही. तो मुलगा चांगला आहे म्हणाला, त्याला लॉकरची जागा यानेच दाखवली.

मंगळवारी इथे लिहिलेलं सगळं मी त्याला सांगितलं. काकांचा नंबर, हॉल, सुलभाची खुर्ची. की कदाचित मला हवंच होतं. तो म्हणाला, "आय काइंड ऑफ न्यू. अंदाज होता मला."

श्रीची, घराची चौकशी केली. जेवणाचं मी विचारलं. ठेवतोय असं वाटलं, तर म्हणाला,

"आई, पुन्हा लागलं तर तुला सांगू का?"

"सांग."

"आणि तू कोणाला सांगणार नाहीस?"

मला हो म्हणता आलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही. त्याने शपथ मागितली नाही, पण फोनही ठेवला नाही. त्याच्या मागे कुणी तरी शिट्टी वाजवत होतं, मुलं धावत होती. मी कान लावून बसून राहिले, आणि तोही तिकडे तसाच.