'स्कॅन १२' मधली भुलाबाई

शुक्रवार, दिवाबत्ती झाल्यावर

आईच्या वहीतली भुलाबाईची गाणी, कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी म्हणतात ती, मी दोन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाच्या वेबसाइटवर चढवली होती. कोणीच डाउनलोड केली नाहीत. मले वाटे, आता कोणाले हवी आहेत ही गाणी?

मागच्या महिन्यात सूनबाईनं पाहिलं अन् म्हणाली, "मम्मी, फाइल का नाम 'स्कॅन १२' है. इसे कौन ढूँढेगा?" वर पानंही नुसते फोटो, सर्चले त्यातलं अक्षर वाचताच येत नाही म्हणे. 'स्कॅन १२'! आईच्या वहीचं मी हे नाव ठेवलं.

मग ही रायपूरची, घरी हिंदी बोलणारी पोरगी रोज दुपारी वही घेऊन बसली. अक्षर लागलं नाही की मले विचारे. सगळी गाणी टाइप केली. दर गाण्याले वेगळं पान, अन् नावाच्या जागी पहिली ओळ. "औरतों को पहली लाइन ही तो याद रहती है." हे मले कावून सुचलं नाही? मी तर जन्मभर गाऊन राहिली.

आज बोरसीच्या एका बाईचा फोन आला. लेकीच्या पहिल्या भुलाबाईसाठी त्यायले एकच ओळ आठवत होती. ती सर्चमध्ये टाकली, तर आमचं पान सगळ्यात वर. बाई फोनवरच गायला लागल्या.

सूनबाईले सांगितलं, तर लाजली. "मम्मी, मैंने भी तीन सीख लिए." भाजी निवडता निवडता तिनं एक गाणं म्हटलं. प्रत्येक 'ळ'चा 'ल' झाला. मी टोकलं नाही, मागून झील धरली.