सोळाशेचं इंजिन

चिखली,
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रज्वल,

तुले आणि डिंपलले आशीर्वाद. कोइम्बतूरची हवा आता मानवली असंन. इकडे थंडी सरली. आईचे गुडघे बरे आहेत. हरभरा निघाला की शेगावले जाऊ म्हणते.

आता गाडीचं. एस्टीममध्ये आपलं ठरलं होतं तसं तेराशे सीसीचंच इंजिन ठेवलं आणि त्याले टर्बो लावला. इंजिन हलकं, आणि हवा कोंबली की ताकद दुप्पट, हे तुझंच म्हणणं. दिवाळीपर्यंत एकट्यानं बसवलं. मग बायपासजवळच्या रिकाम्या प्लॉटिंगमध्ये चालवून पाहिली. आपल्या गॅरेजशेजारचा स्पेअर पार्टवाला हरिओम सोबत होता. गाडी अशी सुटली की काय सांगू! हरिओम माझ्या खांद्यावर मारत होता. मले वाटलं, खुश होऊन राह्यला. मग धूर निघाला.

"काऊन बे," तो माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडला, "इतकं खडखडून राह्यलं, तुले ऐकू येत नाही का?"

"हेल्मेट होतं ना," मी म्हटलं.

पिस्टनच्या माथ्याले भोक पडलं होतं. टर्बोत आग वेळेआधी भडकली की इंजिन खडखडते. ते ऐकून पाय काढला तर वाचते, नाहीतर नाही. हे तुले मीच शिकवलं.

म्हणून अकोल्याहून जुन्या बलेनोचं सोळाशेचं इंजिन आणलं. टर्बो नाही. गाडीचं नाक जड झालं, ताकद कमी. तुले पटणार नाही, माहीत आहे. पण हे इंजिन चूक पोटात घालते. एकट्या माणसानं असंच घ्यावं.

हे फोनवर सांगता आलं असतं. तू फोन करायचा, मी उचलायचो नाही. तुले वाटलं असंन, नोकरीले गेला म्हणून दादा रागावला. आईलेही तसंच वाटते. मी घरात कोणाशी बोलत नाही म्हणते. राग नाही रे. तुले रेसच्या टीममध्ये घेतलं तवा अख्ख्या मार्केटात पेढे मीच वाटले.

माझा उजवा कान गेला आहे. डावाही चालला. डॉक्टर म्हणाला, इतकी वर्षं सायलेन्सर काढलेल्या गाड्यांजवळ उभे राह्यले, दुसरं काय होणार. फोनवर तुझा आवाज येते, शब्द येत नाहीत. मार्गशीर्षात तू फोन केला तवा मी नुसता "हाव, हाव, छान झालं" म्हणत राह्यलो. तू फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी आईकडून समजलं, तू डिंपलचे बाबा वारल्याचं सांगत होता.

त्यानंतर मी फोन उचललाच नाही. आणि आता तूही करत नाही.

गेल्या रविवारी जालन्याकडच्या धावपट्टीवर दोन-दोन गाड्यांची सरळ शर्यत झाली. तू नव्हता, म्हणून स्टेअरिंगवर मीच बसलो. गिअर कधी टाकायचा ते आवाजावरून कळत नाही, म्हणून समोर एक लाल दिवा बसवला. तो लागला की गिअर. अमरावतीच्या गाडीनं पहिल्याच फेरीत हरवलं. पण आपली सरळ गेली आणि अख्खी परत आली. लोक भोवती जमले, काहीबाही विचारत होते. मी नुसता हसत होतो. गाडी टेम्पोत घालून परत आणली, तवा ड्रायव्हर देऊळगाव राजापर्यंत बोलत राह्यला, मग तोही थांबला.

डिंपलले हे पत्र वाचून दाखव. तिच्याशी मले समोर बसून बोलायचं आहे. ओठ दिसले की बरंचसं समजते. कानाले मशीन लावायचं म्हणतात, तेही लावीन. आईले अजून काही सांगतलं नाही. तू आला की दोघं मिळून सांगू.

सुट्टी काढून ये. गाडी पळवायची घाई नाही. इंजिन बंद ठेवून आपण दोघं नुसते आत बसू. तू माझ्या डाव्या हाताले असशील. त्या कानानं अजून थोडं ऐकू येते.

वाट पाहणारा,
तुझा गोकुळदादा