एकट्या आजोबांची घंटा

३ मे १९६१

गावाच्या इतिहासाचं चौथं प्रकरण लिहून संपलं एकदाचं! शेवटचं वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की चोलेंगला चुलीपुढून उठवून मोठ्यानं वाचून दाखवलं — ‘अठराशे अठ्ठ्याण्णव साली एका माणसाने चर्चची घंटा वाजवली आणि मालाबाग स्वतंत्र झाले.’

तो एक माणूस म्हणजे माझे आजोबा, आंब्रोसिओ बाल्देमोर. घंटा ऐकून नऊ स्पॅनिश शिपाई चुलीवरचं सूप उकळतं ठेवून पळाले. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

चोलेंग हात पुसत ऐकत होती. म्हणाली, “आणि बाकीचं गाव तेव्हा काय करत होतं?”

“मागे होतं.”

“कशाच्या मागे?”

चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, असला प्रश्न एकाही मुलानं विचारला नाही. बायकोनं विचारला. इतिहास थोर माणसं घडवतात, बाकीचे त्यात राहतात — हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “भात लागला वाटतं,” आणि उठून गेली.

आमचं घर नदीकाठी, खांबांवर. काठ खचत खचत आता स्वयंपाकघराच्या शिडीपासून आठ पावलांवर आलाय. गेल्या वर्षी वीस होता.

५ मे

दाढीला इस्लावकडे गेलो. चुकून कागद बरोबर नेले. चुकून नव्हे — त्यानं वाचावेत म्हणूनच नेले, खोटं कशाला लिहू!

डाव्या गालाची दाढी झाली तेव्हा तो बाराव्या पानावर होता. “मास्तर, माझे आजोबा कुठायत यात?”

“आहेत की. तो ‘जमाव’ लिहिलाय ना, त्यात.”

वस्तरा थांबला. “घंटा दर रविवारी वाजते. कोणी पळतं का? माझे आजोबा बांबू घेऊन सगळ्यात पुढे धावले म्हणून शिपाई पळाले! अख्खं गाव बांबू घेऊन धावलं!”

“घंटा वाजली नसती तर धावलं असतं का?”

त्यानं माझ्या गळ्यातला टॉवेल काढून घेतला. “उरलेली दाढी तुमच्या आजोबांकडून करून घ्या. ते एकटेच सगळं करतात ना!”

अर्धी दाढी घेऊन भर बाजारातून घरी आलो. चोलेंग हसता हसता जमिनीवर बसली. उजवा गाल स्वतः खरवडला. दोन ठिकाणी कापलं.

८ मे

सहा पावलं.

घर हलवायचं ठरवलं. गावच्या प्रमुखानं चर्चमागची मोकळी जागा दिली. आता चाळीस-पन्नास माणसं हवीत — घराच्या तळाखालून बांबू बांधायचे, खांद्यावर घर उचलायचं, नव्या जागी नेऊन ठेवायचं. यासाठी मजूर लावत नाहीत. घरोघर जाऊन सांगायचं, आणि त्या दिवशी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. मी स्वतः आजवर तीसेक घरांना खांदा लावलाय.

आज अकरा घरं फिरलो. सगळ्यांनी बसायला दिलं, कॉफी दिली. आणि सगळ्यांची कंबर दुखत होती! अकराच्या अकरा! शेवटच्या घरी म्हातारा कोलास म्हणाला, “काय करणार मास्तर, जमावाची कंबर धरलीय.”

म्हणजे इस्लाव माझ्या आधी फिरून गेला.

११ मे

चोलेंग म्हणाली, “तुम्हीच जाऊन घंटा वाजवा. एक माणूस पुरतो ना?”

मी ताट ढकलून उठलो. रागानं नाही. भीती वाटली. या घरात माझा जन्म झाला, याच खिडकीखाली आई गेली. हे घर पाण्यात गेलेलं मला बघवणार नाही. चोलेंगला हे कळतं. ती मागून येऊन पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि मग म्हणाली, “माफी मागायला काय होतं हो तुम्हाला!”

खूप होतं.

१४ मे

पाच पावलं. माफी मागितली नाही, पण प्रकरण बदललं. ‘मालाबागच्या समस्त जनतेने एकदिलाने परकीय सत्ता उलथून टाकली.’ लिहिताना हात जड झाला. आजोबा, क्षमा करा!

रविवारची मिस्सा-प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर उभं राहून वाचलं. वाटलं होतं टाळ्या पडतील. कोलास म्हणाला, “समस्त जनता म्हणजे त्या इस्लावचा आजोबासुद्धा? तो तर झाडावर चढून बसला होता!”

“तुझा तर गावातच नव्हता!” इस्लाव ओरडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “जनता ठीक आहे हो मास्तर, पण जनतेच्या पुढे कोण होतं ते लिहा की!”

पंधरा मिनिटांत एवढं कळलं की त्या दिवशी मालाबागमध्ये मागे कोणीच नव्हतं. झाडून सगळ्यांचे आजोबा पुढे. मग माझंही डोकं चाललं. जाहीर केलं — वीस तारखेला जो माझं घर उचलेल, त्याच्या आजोबांचं नाव पुस्तकात ‘आघाडीवर’ म्हणून छापीन.

कंबरा तिथल्या तिथे बऱ्या झाल्या.

घरी येताना चोलेंग म्हणाली, “पुस्तक जाड होणार.”

१९ मे

तीन पावलं! पाण्याचा आवाज आता जेवताना ताटापर्यंत येतो.

बांबू बांधून झाले. गाठी मारण्यात इस्लावचा हात कोणी धरत नाही, म्हणून तोच घराखाली शिरला. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हतो, फक्त दोराशी बोलत होतो. मग खालून आवाज आला, “मास्तर, खांबांवर जुन्या दोरांचे वळ आहेत. हे घर आधी कुणीतरी उचललंय.”

“शक्य नाही. आजोबांनी हे इथेच बांधलं. दुसऱ्या प्रकरणात आहे.”

“मग काय, लिहिलंय म्हटल्यावर खांबच खोटं बोलत असणार!”

२० मे

सगळं अंग दुखतंय, पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.

एक्कावन्न माणसं आली. चोलेंग खाली उतरायला तयार नाही — सांत आंतोनिओच्या मूर्तीची काचेची पेटी धरून खिडकीशी बसली. “देव हलणार असेल तर मीही आतच बसून हलेन!”

मी खोक्यावर चढलो. पुढे चालून एक-दोन-तीन म्हणायचा मान घरमालकाचा. खाली पाहिलं तर त्रेचाळीस जण पुढच्या बांबूंना आणि आठ मागच्या! पुस्तकात ‘आघाडीवर’ छापून येणार ना, मग मागे कोण जाईल? मी म्हणायच्या आत इस्लाव, कोलास आणि आणखी एक असे तिघे तीन वेळा ‘तीन’ म्हणाले. घराचं तोंड वर गेलं, स्वयंपाकघर चिखलात रुतलं, आतून भांडी घरंगळली आणि त्यांच्या पाठोपाठ चोलेंगचा आवाज.

दुसऱ्यांदा उचललं तेव्हा प्रत्येक पुढारी आपापल्या दिशेनं निघाला. घर जागच्या जागी गर्रकन फिरलं आणि नदीकडे तोंड करून उभं राहिलं! काठाचं एक ढेकूळ पाण्यात पडलं. मी खोक्यावरून गळा फोडून ओरडत होतो. माझ्याकडे एकानं पाहिलं असेल तर शपथ!

तेवढ्यात खिडकी धाडकन उघडली. “ज्याचे आजोबा मागे होते, त्याची पंगत आधी बसेल! भाजलेल्या डुकराचा कुरकुरीत भाग त्यांनाच!”

आजोबा भराभर मागे गेले. इतके की आता मागचं जड झालं. मग चोलेंगनं एकेकाला नावानं हाका मारून जागेवर लावलं — “इस्लाव, डावीकडे! कोलास, तू सावकाश, तुझं गुडघ्याचं ठाऊक आहे मला!” तिनं ‘तीन’ म्हटलं, आणि घर उठलं.

मी खोक्यावरून उतरलो. मागच्या डाव्या कोपऱ्यात एक खांद्याएवढी जागा होती, तिथे खांदा लावला. मला इस्लावच्या मानेशिवाय काही दिसत नव्हतं. कुठे चाललोय, कोण नेतंय — पत्ता नाही. पण बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

चर्चमागे घर ठेवलं. मी आखलं होतं तसं नाही. खिडकी बाजाराकडे, चोलेंगला हवी तशी. पानसितच्या शेवया, डुक्कर, ताडी — सगळं संपलं. जेवण उरकायच्या आत घर आपणच कसं आणलं हे सहा जण सांगत होते. इस्लावनं माझी पूर्ण दाढी केली, दोन्ही गाल.

उन्हं उतरल्यावर जुन्या जागी जाऊन आलो. स्वयंपाकघर होतं तिथे पाणी होतं.

२३ मे

उपेंग आजी घर बघायला आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, चर्चपाशी बसून वाफवलेल्या तांदळाच्या वड्या विकते. पुस्तकासाठी गावातल्या सगळ्या पुरुषांना विचारलं, हिला विचारायचं सुचलंच नाही. शिडीवर टेकून हसत सुटली.

“आलं का परत जागेवर! इथूनच तर नेलं होतं रे. तुझ्या आजीला दारात नदी हवी होती, म्हणून तुझ्या आजोबानं घंटा वाजवून माणसं बोलावली — घर उचलायला. सगळे बांबू घेऊन धावले. मी अकरा वर्षांची, मीसुद्धा काठी घेऊन धावले. घर नदीवर ठेवून जेवायला बसलो, तेव्हा कोणीतरी म्हणालं, अगं बाई, शिपाई कुठे गेले?”

“आजी, इतकी वर्षं हे बोलली का नाहीस?”

“मला वाटलं तुला ठाऊक असेल. घर तुझंच ना!”

चौथं प्रकरण तिसऱ्यांदा लिहायला घेतलं. पहिलं वाक्य चोलेंगनं सांगितलं — ‘माझ्या आजीला नदीकाठी राहायचं होतं.’