प्रभाकररावांविरुद्ध एक पानी तक्रार

४ सप्टेंबर १९७८, नालवाडी
वर्धा जिल्ह्यातल्या समस्त वक्त्यांनो, आपल्या शब्दांवर लाल शाई फिरवण्यात आली आहे! (ऐकायला खोलीत कोणी नाही. तरी सुरुवात मला अशीच जमते.) एम.एस्सी.च्या तांत्रिक लेखनाच्या पेपरासाठी मी गोबरगॅस वापरण्याची एकतीस पानी पुस्तिका लिहिली. प्रा. प्रभाकररावांनी ती परत केली. शेरा एकच: गॅस पेटतो कुठे?
हा पेपर बुडाला तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर पुलगावची नोकरी नाही. पण पास तर मी होणारच. आधी सूड.

९ सप्टेंबर
पुस्तिकेची चाचणी. नियम असा की एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लिहिलंय तेवढंच करायचं. वाचायला माझा रूम-पार्टनर बंडूजी, करायला मेसच्या शकुबाई. तिसऱ्या पानावर मी लिहिलं होतं: भगिनींनो, उठा. शकुबाई उठल्या. पुढची अकरा पानं उभ्याच होत्या. शेवटी म्हणाल्या, बाबू, तुह्या पुस्तकात बसाचं कधी लिवलं हाय? पाय दुखून राह्यले. गॅस तं मी रोजच पेटवतो, तुले काऊन येत नाई?
चाचणी घेणारे प्रभाकरराव शेजारीच उभे होते; हसले नाहीत. हसले असते तर माफ केलं असतं.

१० सप्टेंबर
संकल्प: प्राचार्यांकडे तक्रार. प्रभाकररावांना हा पेपर शिकवता येत नाही, सबब त्यांना हटवावे.

१४ सप्टेंबर
तक्रारीची बावीस पानं झाली. प्रभाकररावांशी तुलना करायला घेतलेले इतिहासातले जुलमी राजे अजून अर्धेच झालेत. बंडूजी म्हणाला, प्राचार्य साहेब पयलं पान पायते अन् सही मारते. बाकीचे राजे कोनाले सांगून राह्यला तू?

१९ सप्टेंबर
अकरा पानं. सगळे राजे काढले. दुःख झालं.

२३ सप्टेंबर
एक पान. वर विषय, खाली तीन मुद्दे, प्रत्येकाला पुरावा, शेवटी मागणी. विशेषण एकही नाही. नुसतं हाड. हे मी कोणाकडून शिकलेलो नाही, उपजतच आहे. टाइप करून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. प्रभाकररावांनी आता दिवस मोजावेत.

३ ऑक्टोबर
प्राचार्यांनी तक्रार पद्धतीप्रमाणे विभागप्रमुखांकडे अभिप्रायासाठी पाठवली. विभागप्रमुख प्रभाकरराव. हे मला माहीत होतं. दुसऱ्या मुद्द्यात मीच लिहिलं होतं.

६ ऑक्टोबर
अभिप्राय आला: विषय पहिल्या ओळीत. पुरावा नेमका. मागणी स्पष्ट. पुस्तिकेऐवजी हेच स्वीकारतो. गुण ५८. उत्तीर्ण.
त्याखाली प्राचार्य: ज्यांचा विद्यार्थी इतकं नेटकं लिहितो त्यांना शिकवता येत नाही, हे पटत नाही. तक्रार निकाली.
५८ गुण बाणेदारपणे नाकारायचे ठरवलं. पुलगावला सोळा तारखेला रुजू व्हायचं आहे. नाकारले नाहीत.

९ ऑक्टोबर
तक्रार नोटीस बोर्डावर लागली आहे. वर प्रभाकररावांच्या अक्षरात: उत्तम नमुना. पहिल्या वर्षाची पोरं वह्या घेऊन उभी होती. प्रभाकरराव त्यांच्यामागे उभे राहून, हा दुसरा मुद्दा बघा, म्हणत होते. तो विभागप्रमुख म्हणून त्यांच्या उर्मटपणाविषयी आहे.
पोरांनो, उतरवा. पण खालची माझी सही तेवढी सोडा.