घरी यायची तारीख

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

प्रिय लुक्यान,

आज सकाळी आई आणि मी चर्चला जाऊन आलो. आल्यावर बटाट्याचं सूप घेतलं. दुपारी वीज गेली ती अजून आलेली नाही. नदीवरचं धुकं आज उठलंच नाही. खिडकीतून अंगणातलं अक्रोडाचं झाड मध्येच दिसतं, मध्येच नाहीसं होतं. आई झोपली आहे. भट्टीत नासपती सुकत घातल्या आहेत, त्यांचा वास घरभर भरून राहिला आहे. उद्या सकाळी पोलंडला जाणारी गाडी तुझं पार्सल नेईल. हे पत्र त्यातच घालते.

परवा फोनवर मी आवाज तुटतोय म्हणाले आणि ठेवून दिला. आवाज तुटत नव्हता. तू विचारलंस, "ओस्तापला जाऊन वर्ष होतंय, भावाच्या प्रार्थनेला येऊ का? आईला विचारू नकोस. तू ये म्हणालीस तर येईन." येणं म्हणजे काय हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तुझ्या वयाचा पुरुष एकदा सरहद्द ओलांडून आत आला की युद्ध संपेपर्यंत परत जाऊ शकत नाही, आणि विनित्साच्या बसस्थानकावरच तुझी कागदपत्रं तपासतील. तिथून पुढे वर्दी. मग तिकडे तुझ्या लेकीला, झ्लाताला, शाळेत कोण पोचवणार, हे तू बोलला नाहीस आणि मीही विचारलं नाही. शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हाही तू अवघड गणित माझ्याकडे सरकवून खिडकीबाहेर बघत राहायचास.

ओस्ताप शेवटच्या सुट्टीवर आला ते दिवस मला आता नीट लावता येत नाहीत. एकातून दुसरा निघतो. तो झोपलेला आठवतो. दुपारी ओट्यावर, संध्याकाळी नदीच्या फळीवर पाय सोडून, बसल्याबसल्या. पाण्यावर पिकली पानं वाहत होती आणि तो डोळे मिटून त्यांचा आवाज ऐकतोय म्हणाला. पानांना कसला आवाज, मी म्हटलं. "तिकडच्या मानानं आहे," तो म्हणाला. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात तो आपणहून गेला होता. तेव्हा सुटकेची तारीख कोणी विचारली नाही, त्यानंही नाही. त्या सुट्टीत मात्र तो हसत म्हणाला, "यारीना, तुमच्या शाळेत घंटा वाजवणारा म्हातारा आहे ना, तोच आमच्याकडे नेमलाय बहुतेक. तास कधीचा संपलाय, आणि हा बाबा झोपलेला."

तो परत गेला आणि मी शनिवारी तालुक्याच्या चौकात सैनिकांच्या बायकांबरोबर उभी राहू लागले. पुठ्ठ्यावर मीच अक्षरं काढली होती, शाळेतल्या ब्रशनं: 'घरी यायची तारीख द्या.' लढू नका असं आमच्यातली एकही म्हणत नव्हती. दीड वर्ष, दोन वर्षं, काहीतरी मुदत असावी, मग दुसऱ्यानं जावं, एवढंच. पण दुसरा म्हणजे कोण, हा प्रश्न मोत्र्यानं माझ्या स्वयंपाकघरात येऊन विचारला. तुला आपली शेजारीण माहीत आहे, दार वाजवायची तिला सवय नाही. "तारीख दे म्हणतेस, आणि त्याच्या जागी कोणाला धाडतेस? माझ्या पोराला, तिमकोला? आज भरतीला सत्तावीस वर्षांची अट आहे, तुम्ही ओरडलात की उद्या पंचविसावर आणतील." मी म्हटलं, "मग तुझा तिमको घरात बसणार म्हणून माझ्या नवऱ्यानं तिथेच म्हातारं व्हायचं का?" ती म्हणाली, "तू मास्तरीण आहेस, बेरीज तुला येते. एक घरी आला की एक जाणार. तो एक माझा का?" आई कोपऱ्यात बटाटे सोलत होती. वर न बघता म्हणाली, "दोघी खरं बोलताय. आता सुऱ्या घ्या, बटाटे पडलेत." मोत्र्या खरोखरच बसली आणि सोलू लागली.

आई एकाही शनिवारी माझ्याबरोबर आली नाही. मला तेव्हा त्याचं वाईट वाटायचं. एका मुलासाठी फलक धरायचा तर तो दुसऱ्या मुलावर रोखला जाईल, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

नोव्हेंबरात ओस्तापला शवपेटीतून आणलं. त्या दिवशीही असंच धुकं होतं, गाडी दिसायच्या आधी तिचे दिवे दिसले. पुलापासून चर्चपर्यंत गाव रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसलं होतं. मोत्र्या नव्या कोटासकट चिखलात बसली होती, आणि तिच्या शेजारी तिमको. मला वाटलं मी हे सगळं पाण्याखालून बघते आहे. पुढे वसंतात कीव्हमध्ये नवा कायदा झाला. भरतीचं वय पंचविसावर आलं, आणि मुदतीचं जे कलम येणार येणार म्हणत होते ते शेवटच्या घटकेला गळलं. म्हणजे मोत्र्या हरली आणि मीही हरले. तिमको आता प्रशिक्षणाला आहे. गेल्या शनिवारी मोत्र्या आली, पहिल्यांदाच दार वाजवून, आणि म्हणाली, "तो पुठ्ठा आहे का गं अजून?" मी कपाटामागून काढून दिला. अक्षरं जरा पुसटली होती. तिनं घरी जाऊन ती परत गिरवली.

ओस्ताप माझ्या स्वप्नात येतो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. फाटकाशी उभा असतो, बूट हातात, पायांत जाड मोजे, चिखल आत येऊ नये म्हणून. आत मात्र येत नाही. दर वेळी एकच विचारतो, "माझ्या जागी कोणी आलं का?" ड्यूटीवरचा माणूस बदली आल्याशिवाय जागा सोडत नाही, तसा. मी काही सांगायला तोंड उघडते आणि जाग येते. परवा तुझा फोन ठेवून जरा आडवी झाले, तर पुन्हा आला. या वेळी मला बोलता आलं. मी म्हटलं, "लुक्यान येतोय." त्याला हसू फुटलं. "तो? अगं, तो घरामागच्या बोरूच्या बनात रस्ता चुकतो." आणि वळून धुक्यात गेला, नदीच्या बाजूला, शीळ घालत. लहानपणी तू धुक्यात हरवलास की तुला शोधायला तो तशीच शीळ घालायचा ना?

आज चर्चमध्ये आईनं दोन मेणबत्त्या घेतल्या. दर रविवारी घेते. ओस्तापची क्रुसाजवळच्या वाळूत, गेलेल्यांच्या तबकात. तुझी पलीकडे उंच दिवठाणावर, जिवंत माणसांच्या. आज तिनं दोन्ही वाळूतच रोवल्या, शेजारी शेजारी. मी हळूच म्हटलं, "आई, लुक्यान आहे." ती दचकली. मग म्हणाली, "हो गं, आहे. हातांना सवय. दोघं एकाच खाटेवर निजायचे." पण तिचा हात काही पुढे होईना. मग मीच ती जळती मेणबत्ती उपटली आणि चर्चच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मेण बोटांवर ओघळत होतं, सगळे बघत होते. तेवढं अंतर आज फार लांब वाटलं. दिवठाणाशी मोत्र्या उभी होती. तिनं तिमकोची मेणबत्ती जराशी सरकवली आणि म्हणाली, "इथं लाव. दाटीवाटीनं राहू देत."

लुक्यान, पार्सल उघडशील तेव्हा नासपतींच्या खाली तुला ओस्तापचा तपकिरी कोट मिळेल. त्याला वर्षभर आईनं कोणाला हात लावू दिला नव्हता. आज जेवण झाल्यावर स्वतः झटकून, घडी घालून ठेवला. "तिकडे हिवाळ्यात वारं असतं," एवढंच म्हणाली. तिला तुझा प्रश्न मी सांगितलेला नाही, पण उत्तर तिनं दिलं आहे. माझं तेच आहे. येऊ नकोस. मी चौकात फलक धरला तो ओस्तापनं घरी यावं म्हणून. तो येणार नाही, आणि त्याची जागा भरायला मी तुला बोलावणार नाही. बोलावलं तर स्वप्नात त्याला काय सांगू? परत जायची मुभा मिळेल तेव्हा ये. झ्लाताला घेऊन ये. तोवर तुझी मेणबत्ती वरच लागेल, ते माझ्याकडे. कोटाची बाही तुला लांब होईल, दुमडून घे. आई अजून उठलेली नाही. आता हे पत्र कोटाच्या खिशात ठेवते आणि भट्टीतल्या नासपती उलटायला जाते.

तुझीच,
यारीना