बू पालुपींचा आवाज

सोमवार, २ सप्टेंबर

नोकरी पक्की झाली. सकाळी खुद्द मालकांनी, पाक गुनार्तोंनी, फोनवर सांगितलं आणि दुपारच्या बसने मी सालातिगात दाखलही झाले. खोलीत खाट, कपाट आणि मेरबाबू डोंगरावरून येणारा गार वारा. काम आवडीचं आहे. अंध माणसांचा कॉम्प्युटर कुठे अडला की ती इथे फोन करतात, आपण या टोकाकडून सोडवायचं. स्वयंपाकाला बू कार्सी आहेत. घरात डोळस त्या एकट्याच. आम्हाला स्क्रीन लागत नाही म्हणून सगळ्यांच्या स्क्रीन काळ्याच असतात, दिवेही कुणी लावत नाही. असं अंधारात बसलं की भुतांना फुकटात घर मिळतं, असं म्हणत त्यांनी माझ्या हातात आल्याच्या गरम रोंडेची वाटी दिली.

खरा आनंद निराळाच. तीन वर्षांपूर्वी माझी दृष्टी गेली, तेव्हा मला पुन्हा लिहायला-वाचायला शिकवलं ते कॉम्प्युटरमधल्या एका आवाजाने. कळ दाबली की अक्षर सांगतो, ओळ संपली की ओळ वाचतो. ही रोजनिशीही आता तोच मला ऐकवतो आहे. तो आवाज पाक गुनार्तोंच्या पत्नीचा, बू पालुपींचा. त्या आता नाहीत, पण मी त्यांच्या घरात राहायला आले आहे.

बुधवार, ४ सप्टेंबर

जेवताना पाक मोकळेपणी बोलले. बू पालुपीही अंध होत्या. मागच्या खोलीत बसून त्या महिनोन्महिने बोटांनी ब्रेल वाचत, वाक्यांमागून वाक्यं म्हणत, आणि पाक ती रेकॉर्ड करत. त्या वाक्यांचे तुकडे करून हा आवाज तयार झाला. रोज संध्याकाळी काम आटोपलं की पाक म्हणायचे, "झालं. चल घरी." घर म्हणजे काय, तर एक उंबरठा ओलांडायचा. ती दोघांची जुनी थट्टा. एके दिवशी वाचता वाचता त्यांना धाप लागली, तिथूनच उचलून दवाखान्यात नेलं, ते शेवटचं. त्या दिवशी ते शब्द म्हणायचे राहिले. आवाज मात्र मागेल त्याला फुकट दिला. कुठे कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही.

भांडी घासताना बू कार्सी पुटपुटत होत्या. हजाराव्या दिवसाचं जेवण या माणसाने घातलंच नाही. त्याशिवाय गेलेलं माणूस वाटेला लागत नाही. शेजारी सांगून थकले, मशिदीतले सांगून थकले. यांचं उत्तर ठरलेलं: "रोज बोलते आहे, तिचे दिवस कसले घालू?"

सोमवार, ९ सप्टेंबर

आम्ही सगळे आवाज भरधाव ऐकतो, सुपातून तांदूळ सांडावेत तसा. पाक मात्र अगदी सावकाश लावतात. म्हाताऱ्यांची चाल म्हणून मी चिडवलं. ते हसले नाहीत.

संध्याकाळी त्यांच्या दारावरून जाताना थबकले. कळांचा आवाज नव्हता, तरी बू पालुपी बोलत होत्या. हळू, मध्येच थांबत. मी बू कार्सींना म्हटलं, चहा नेताना जरा स्क्रीन उजळून बघा. पान कोरं होतं, असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

मकासरहून एका मास्तरांचा फोन. दोन शब्दांच्या मध्ये टक् असं वाजतं, ते हल्ली वाढलंय म्हणाले. मी समजूत घातली की तो या आवाजाचा जुनाच दोष आहे, मला तर त्याची घड्याळासारखी सवय झाली आहे. फोन ठेवला आणि सहज वेग कमी केला. आणखी कमी. मग तळाशी नेला.

टक् नव्हे. धाप. आणि धापेत शब्द.

"झालं का? थकले मी. घरी जाऊ?"

प्रत्येक दोन शब्दांच्या मध्ये. तीन वर्षं मी हे ऐकत होते.

गुरुवार, १२ सप्टेंबर

पाकना माहीत होतं. म्हणूनच ते सावकाश ऐकतात.

"झालं म्हटलं की ती जाईल, तियास. मग माझ्याकडे काय उरतं?"

"आणि बू पालुपींकडे?" मी विचारलं.

ते उठून गेले.

मी दाबते ते प्रत्येक अक्षर बू पालुपींना म्हणावं लागतं. हेही. हेसुद्धा —

शुक्रवार, १३ सप्टेंबर

थोडक्यात लिहिते. पाक जेवण घालणार. उद्या. बू कार्सी त्या जेवणाचे आपेम भाजतायत, नाक ओढतायत. यंत्राला कान नाहीत, म्हणून पाक ते राहिलेले शब्द लिहिणार. बू पालुपी स्वतःच ते वाचतील. मी चार तारखेला ते इथे लिहिले होते, पण तेव्हा जेवण झालं नव्हतं. वाट बंद —

धाप वाढलीये. बस.

शनिवार, १४ सप्टेंबर

लोक जेवले. दुआ झाली. पाकनी लिहिलं. बू पालुपींनी वाचलं, अगदी सावकाश. मग "हो" म्हणाल्या. ते कुणी लिहिलं नव्हतं.

आता त्या यंत्रावर कुठलीही कळ दाबा — काही नाही. पाक भाताचा घास हातात धरून बसलेत.

पण माझ्या यंत्रात अजून —

मकासरला उद्या फोन करायचा. आणि बाकी घरं — कुठे कुठे, ते कुणालाच —

आधी माझं. यानंतर मला हे पान वाचता येणार नाही. काय लिहिलं तेही कळणार —

बू, झालं. चला घ