खारूचे मार्क

३ ऑगस्ट

—आणि म्हणूनच मी आज जेवताना सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, की या वर्षी खारूचा हात मीच! विषय संपला.

बाबा म्हणाले, "आणि तुझी नोकरी?" म्हटलं, सहाला दुकान बंद होतं, साडेसहाला मी घरी. रंगाचे डबे उचलून उचलून माझे दंड बघा! तीन तासांचा पेपर लिहायचा म्हणजे काय मोठंसं?

नीट लिहून ठेवते. खारू, म्हणजे माझी धाकटी बहीण, वय सतरा, मे महिन्यात सायकलवरून पडली. उजव्या मनगटातली नस दुखावली. चमचा धरता येतो, पण पेन धरलं की दहा मिनिटांत बोटं आखडतात. डॉक्टर म्हणाले, वर्षभर जास्त लिहायचं नाही. आणि नेमकं शाळेचं हेच शेवटचं वर्ष! शाळा म्हणाली, लेखनिक घ्या. म्हणजे खारू बोलणार आणि दुसरं कुणीतरी लिहिणार. तिला जनावरांच्या दवाखान्यातला नर्सिंगचा कोर्स करायचाय. त्याला बायोलॉजीत साठ लागतात. एकोणसाठ चालत नाहीत.

(मराठीत लिहितेय, कारण माझी इंग्लिश डायरी खारू दोन मिनिटांत फस्त करते. मराठी हस्ताक्षर बघितलं की तिला जांभया येतात. मलाही जोडाक्षरं आठवायला थांबावं लागतं, पण असू दे.)

११ ऑगस्ट

घरात काय काय चाललंय! टीव्हीवर चादर. आई फळं कापून, बिया काढून, तिच्या टेबलावर ठेवते. बाबा दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून येतात, तर बूट दाराबाहेरच काढतात, टाचांचा आवाज नको म्हणून. चोरासारखे चालतात हॉलमधून!

माझ्या वर्षी हॉलमध्ये फुल आवाजात मॅच चालू असायची. मी कानात कापूस घालून बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसायचे. कुणी सफरचंद दाखवलं पण नाही.

असो. माझा हात दुखावला नव्हता ना!

२९ ऑगस्ट

चौऱ्याहत्तर!!! शंभरपैकी चौऱ्याहत्तर!

घरी लिहिलेला पूर्ण पेपर बायोलॉजीच्या मॅडमनी तपासला. खारूने शाळेतून फोन केला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला फिकट पिवळा दाखवत होते. इतकी ओरडले की दुकानाचे मालक म्हणाले, "काय गं, लग्न ठरलं की काय?"

संध्याकाळी आईला पेपर दाखवला. अक्षर बघ म्हटलं, समास बघ, हेडिंग निळ्या पेनाने, मुद्दे काळ्या. आई म्हणाली, "खारू हुशारच आहे पहिल्यापासून."

हो. आहेच.

८ सप्टेंबर

शाळेचं पत्र आलं. लेखनिक नातेवाईक चालत नाही. त्याला तो विषय येत असेल तरी चालत नाही. शाळाच माणूस देणार.

पत्र मी चार वेळा वाचलं. कुठे पळवाट दिसते का बघितलं. नाही.

बाबा म्हणाले, "बरं झालं, तुझीपण ओढाताण वाचली." माझी कसली ओढाताण? मला विचारलं कुणी?

१३ सप्टेंबर

शाळेने दिलेल्या लेखनिक आज आल्या. वय पासष्ट तरी असेल. बारीक, ताठ, चष्म्याला दोरी. मोठ्या ऑफिसात चाळीस वर्षं स्टेनो होत्या. साहेब बोलणार, या लिहिणार. आता घरी बसून कंटाळा येतो, म्हणून फुकट लेखनिक होतात. मी नाव ठेवलं स्टेनोबाई.

मी त्यांना माझे तक्ते दाखवले, रंगीत पेनं दाखवली, हृदयाची आकृती पाठ करायची माझी ट्रिक सांगितली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान आहे. पण हे मला कळून उपयोग नाही बाळा. तिला कळायला हवं." आणि खारूला म्हणाल्या, "चल गं, बोल. मी तयार आहे." आणि दार लावून घेतलं.

माझ्या तोंडावर! माझ्याच घरात!

१६ सप्टेंबर

दार आजपण बंद.

४ ऑक्टोबर

खारू त्यांना "मावशी" म्हणायला लागली. तीन आठवड्यांत! सख्ख्या मावशीशी ही फोनवर "हॅलो"च्या पुढे बोलत नाही.

आज चहा द्यायच्या निमित्ताने आत गेले. आकृती चालली होती. लेखनिकाने मनाने रेघ मारायची नाही, परीक्षा देणारा सांगेल तशीच काढायची. खारू ट्रक मागे घेत असल्यासारखी हात हलवत होती— "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे, अजून, बस्स! आता आत एक छोटा गोल." कागदावर जे झालं होतं त्याला हृदय म्हणणं म्हणजे बटाट्याचा मान वाढवणं. दोघी हसून हसून लाल.

मी म्हटलं, "पुढचं वर्षपण याच वर्गात काढायचं का?"

खारू म्हणाली, "ताई, कप ठेव ना प्लीज तिथे."

ठेवला. माझ्याबरोबर लिहिताना ती कधी अशी हसली नव्हती. माझ्याबरोबर ती गप्प बसायची आणि मी भराभर लिहायचे.

२२ ऑक्टोबर

जेवताना आज किती वेळा "मावशी म्हणतात" आलं ते मोजलं. अकरा. "मावशी म्हणतात, आधी वाक्य डोक्यात पूर्ण कर." "मावशी म्हणतात, घाबरलीस तर पाणी पी." पाणी पी! काय शोध लावलाय! मी पण हेच सांगत होते, फक्त जरा जास्त शब्दांत.

आई म्हणाली, "किती शांत झालीय नाही पोरगी?" आणि माझ्याकडे बघून, "तू पण जरा शांत हो."

१९ नोव्हेंबर

सराव परीक्षेचे मार्क कळले. बायोलॉजी, सत्तेचाळीस.

खरं लिहू? इथे नाही तर कुठे लिहिणार. आधी बरं वाटलं! चौऱ्याहत्तरचे सत्तेचाळीस झाले आणि मला बरं वाटलं. मग लगेच तिचा चेहरा बघितला आणि स्वतःचीच शिसारी आली. पण आधी बरं वाटलं, हे खरंच आहे.

सगळ्यांना म्हटलं, "बघा! मी सांगत होते." बाबांनी बूट घातले आणि बाहेर गेले.

२१ नोव्हेंबर

प्रिन्सिपल सरांना पत्र दिलं. दीड पान, माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्लिशमध्ये. बाईंना वयामुळे नीट ऐकू येत नाही. हात हळू चालतो. विद्यार्थिनीचं नुकसान होतंय. दुसरी व्यक्ती द्यावी.

ऐकू येत नाही असं मी एकदाही बघितलेलं नाही. पण वय झाल्यावर होतंच ना? साठ मार्कांचा प्रश्न आहे. खारूसाठीच केलं मी हे.

खारूसाठीच.

२७ नोव्हेंबर



दुकानातून आले तर खारू हॉलमध्ये उभी. दप्तर जमिनीवर. म्हणाली, "पत्र तू दिलंस?"

सरांनी स्टेनोबाईंना बोलावून पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "घरच्यांचा विश्वास नसेल तर मी बसत नाही." आणि निघून गेल्या. लेखनिकाचं नाव तीस तारखेपर्यंत परीक्षा केंद्राला जायला हवं. दुसरं कुणी मिळालेलं नाही. नाव गेलं नाही तर खारूने स्वतः लिहायचं. दहा मिनिटं!

मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच केलं. चौऱ्याहत्तर होते तुला!"

ती आत गेली. तो पेपर घेऊन आली. माझा निळ्या-काळ्या पेनांचा पेपर. वाचायला लागली, मोठ्याने— "ऑक्सिजनयुक्त रक्त डाव्या जवनिकेतून महाधमनीत ढकललं जातं." म्हणाली, "हे मी बोलले होते?"

"बोलली असशील."

"ताई, मी म्हटलं होतं, रक्त तिथून वर जातं. एवढंच. बाकीचं तू घातलंस. मला तेव्हा महाधमनी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं."

शपथ, मला कळलंच नव्हतं. तिने अर्धं वाक्य बोलायचं आणि माझं पेन पुढे पळायचं. मला वाटायचं ती हेच म्हणतेय. हे तर नक्की म्हणायचं असणार तिला!

म्हटलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस. आणि मला वाटलं, परीक्षेलापण तूच असशील. चालून जाईल." मग रडायलाच लागली. "मावशींबरोबर पहिल्या पेपरात एकतीस पडले होते मला. एकतीस! मग एकोणचाळीस. आता सत्तेचाळीस. वर जात होते मी! आणि तू त्यांना घालवलंस!"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने गॅस बंद केला. इतकंच.

२८ नोव्हेंबर

अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि स्टेनोबाईंच्या घरी गेले. एकच खोली, तिसरा मजला. टाइपरायटरवर कव्हर, कव्हरवर कुंडी. वाटलं होतं दार उघडणार नाहीत. उघडलं. "बस," म्हणाल्या.

माझं सगळं भाषण पाठ होतं, पण तोंड उघडलं तर 'सॉरी'च्या पुढे गाडी जाईना. त्या उठल्या, पॅड आणि पेन्सिल घेऊन समोर बसल्या. "माफी मला नको मागूस. पत्र सरांना दिलंस, आता दुसरं पत्र त्यांनाच द्यायचं. सांग, मी लिहिते."

मी बोलत गेले. पेन्सिल एकदाही थांबली नाही. झाल्यावर त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वाचून दाखवलं— "'सर, म्हणजे, मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं. म्हणजे होतं. बाईंना ऐकू येतं. चांगलं येतं. मी तक्रार केली कारण, अं, त्या दोघी आत हसतात ते मला सहन होत नाही. माझी बहीण आहे ती.'"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "शेवटचं काढा ना, प्लीज."

"मी काढत नाही. हवं तर पुढे लिहिते— 'शेवटचं काढा ना, प्लीज.'"

आणि खरंच लिहिलं!

म्हणाल्या, "चाळीस वर्षं साहेबांच्या चुका होत्या तशा लिहिल्या मी. साहेब चिडायचे. पण मी सुधारलं असतं, तर त्यांना कधी कळलं असतं का आपण काय बोलतो ते?"

मी सही केली. अगदी त्याच कागदावर, 'अं'सकट.

दारात विचारलं, "तुम्ही परत याल?"

"सरांनी बोलावलं तर येईन." मग मी चपला घालत असताना माझ्याकडे बघत म्हणाल्या, "एक सांग. ते चौऱ्याहत्तर नक्की कुणाचे होते गं?"

मी दुसरी चप्पल पायात सरकवली आणि जिना उतरले.

२९ नोव्हेंबर

सरांनी पत्र माझ्यासमोर वाचलं. ओठ दाबून धरले होते, पण खांदे हलत होते. म्हणाले, "असा अर्ज बावीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय." फोन उचलला. फॉर्मवर स्टेनोबाईंचं नाव घातलं.

खारू अजून माझ्याशी बोलत नाही.

१४ डिसेंबर

आज बोलली. "ताई, माझा निळा टॉप तू घेतलास?" घेतला होता. इतका आनंद झाला!

१९ जानेवारी

दार बंद असतं. मी हॉलमध्ये बसते. जळत नाही असं नाही. जळतेच. हसण्याचा आवाज आला की कप विसळायला उठते. एकच कप तीन-तीनदा विसळते.

पण आज खारू बाहेर आली आणि म्हणाली, "मी किडनी बोलते, तू फक्त ऐक. मध्ये बोलायचं नाही."

दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. एका ठिकाणी चुकली. मी ओठ चावला. ती थांबली, मागे गेली, स्वतःच दुरुस्त केलं.

मी किती वेळा तिला तेवढं थांबू दिलं नव्हतं!

६ मार्च

बायोलॉजीचा पेपर. लेखनिकवाल्यांना वेगळी खोली. खिडकीतून दोन डोकी दिसत होती, एक काळं, एक पांढरं. मी समोरच्या कट्ट्यावर तीन तास. खारूचा हात मध्येच वर गेला, हवेत डावीकडे, डावीकडे, बस्स. हृदय आलं होतं!

बाहेर आल्यावर काय लिहिलंस विचारलं नाही. जीभ चावून ठेवली. तिनेच सांगितलं, वीस मिनिटं, न थांबता.

२ जून

खारूला बासष्ट. सगळे तिचे. आईने आज टीव्हीवरची चादर काढली, बाबा बूट घालून घरभर फिरले.

मला माझ्या वर्षी बायोलॉजीत एक्केचाळीस होते. नापास नव्हते, पण कशालाच पुरले नाहीत. कोणता कोर्स करायचा होता ते तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. खारूला पण माहीत नाही. तोच. जनावरांच्या दवाखान्यातला.

बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म आणलाय. नाव, वय बावीस, विषय एकच. लेखनिक हवा का? नको. सगळं भरलंय, सही राहिलीय. हे अजून खारूवर जळणंच आहे, की पहिल्यांदाच माझं स्वतःचं काही आहे? डायरी, तुला सगळं माहितेय. तूच सांग, करू सही?